गुलशनाबादचा भ्रमर

नाशिकचा फुलांशी असलेला संबंध शहराच्या एका जुन्या नावातच नोंदला गेला आहे. मोगल अमदानीत या शहराला ‘गुलशनाबाद’ म्हणत. त्याही पूर्वी, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात, येथील त्रिरश्मी डोंगरावरील लेण्यात राजमाता गौतमी बलश्री हिने आपल्या पुत्राची प्रशस्ती प्राकृतात कोरवून घेतली. त्याच सातवाहन कुळातील हालाच्या नावावर परंपरेने ‘गाथासप्तशती’ जमा आहे. या संग्रहातील भ्रमर आपल्या ओळखीचा आहे. तो मालतीच्या कळीपाशी घोटाळतो, मध चाखतो आणि दुसऱ्या फुलाकडे वळतो. चंचल नायकाचे ते रूढ रूप होय.

या रूपकात दोन गोष्टी गृहीत धरलेल्या आहेत: भ्रमर पुरुष आहे, आणि तो लुटणारा असून फूल लुटले जाणारे आहे. निसर्गाच्या अभ्यासाने या दोन्ही समजुतींना धक्का दिला. मध गोळा करणाऱ्या कामकरी माशा माद्याच असतात, आणि काळ्या भुंग्यांतही पिलांसाठी पराग व मकरंद वाहून नेण्याचे काम मादीच करते. दुसरी समजूत १७९३ साली ढळली. त्या वर्षी बर्लिनमध्ये स्प्रेंगेल या जर्मन शिक्षकाचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. मकरंद पावसापासून जपणारे केस, त्याच्याकडे जाण्याची वाट दाखवणाऱ्या पाकळ्यांवरील खुणा, ही सारी फुलाचीच योजना आहे, असे त्याने दाखवून दिले. मकरंद म्हणजे मुख्यतः साखरेचे पाणी. ते देऊन झाड आपला पराग दुसरीकडे पोहोचवते. समकालीनांनी या ग्रंथाकडे फारसे लक्ष दिले नाही. त्याचे मोल जाणले ते पुढे डार्विनने.

ही दृष्टी घेऊन आम्ही नाशिककडे पाहतो तेव्हा एक विसंगती जाणवते. ज्या गुलाबाने ‘गुलशन’ या शब्दाला शोभा आणली, त्या गुलाबाच्या बहुतेक जातींत मकरंद नसतोच. तेथे माशी येते ती परागासाठी. बागेतल्या भरगच्च गुलाबात तर अनेक पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात, त्यामुळे परागही थोडा. आजच्या नाशिकची ओळख झालेल्या द्राक्षाची फुले बहुतांशी आपल्याच परागावर फळतात. भ्रमराची खरी गरज आहे ती कांद्याला.

निफाड, येवला, चांदवड या भागांत पौष-माघात बियाण्यासाठी लावलेल्या कांद्याचे डोंगळे फुलतात. एकेका गोंड्यात शेकडो बारीक पांढरी फुले असतात. प्रत्येक फुलाचे पुंकेसर आधी पराग सोडतात आणि त्यानंतर स्त्रीकेसर पक्व होतो. म्हणून फुलाला स्वतःचा पराग उपयोगी पडत नाही. दुसऱ्या फुलाचा पराग आणून देणारी आग्या, फुलोरी वा सातेरी माशी यावी लागते. तिच्यासाठी फुलाच्या तळाशी मकरंद असतो. मात्र त्यात पोटॅशियमचे प्रमाण जास्त असल्याने जवळ दुसरे आवडते फूल असले, तर माशी तिकडे वळते. गाथेतल्या भ्रमराची चंचलता येथे प्रत्यक्ष भेटते. फक्त तिचे नुकसान नायिकेला नव्हे, शेतकऱ्याला सोसावे लागते. माशी आली नाही तर ‘उळे’, म्हणजे कांद्याचे बी, नीट भरत नाही. आणि हे बी फार काळ टिकत नसल्याने गेल्या सालच्या साठ्यावरही विसंबता येत नाही. बहरात कीटकनाशकाची फवारणी झाली तर नको असलेल्या किडीबरोबर हवी असलेली माशीही मरते. म्हणूनच काही शेतकरी डोंगळ्यांच्या शेतात मधपेट्या ठेवतात.

कमळ, मालती, आम्रमोहर या भ्रमराच्या रूढ फुलांत कांद्याच्या फुलाला स्थान नाही. उग्र वासाच्या पिकाला काव्याने दूर ठेवले, यात नवल नाही. तरीही भ्रमराची गाथा वर्गात शिकवताना विद्यार्थ्यांना एकदा डोंगळ्यांच्या शेतावर न्यावे, असे आम्ही सुचवू. रूपक त्याने खोटे ठरणार नाही. पण घेणारा कोण आणि देणारा कोण, हा प्रश्न गाथेकडे परतल्यावर तितका सोपा राहणार नाही.