अंकुराची वाढ

अंकुराची वाढ : (१९१२). धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके (१८७०–१९४४) यांचा मूक लघुपट. कुंडीत पेरलेला वाटाणा रुजतो, कोंब फुटतो आणि त्याचा वेल होतो, एवढाच त्याचा विषय. पडद्यावर तो जेमतेम मिनिटभर चाले.

पार्श्वभूमी : गिरगावातील अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये फाळके यांनी ‘द लाइफ ऑफ ख्राइस्ट’ हा चित्रपट पाहिला. ‘नवयुग’ मासिकातील लेखमालेत (१९१७-१८) त्यांनी ही घटना १९१० च्या नाताळातली म्हणून सांगितली आहे. काही चरित्रकार ती एप्रिल १९११ मधील ईस्टरची मानतात. येशूच्या जागी राम-कृष्ण दिसू लागले आणि चित्रपट काढायचाच, असे त्यांनी ठरवले. पण या धंद्यात पैसा घालायला सावकार धजेनात. त्यांची खात्री पटावी म्हणून हा लघुपट काढला गेला.

तंत्र : कॅमेरा कुंडीसमोर एकाच जागी रोवून महिनाभराहून अधिक काळ ठरावीक अंतराने चित्रे घेतली. ती सलग दाखवताच वेल झरझर वाढताना दिसे. सुट्या स्थिरचित्रांतून गती निर्माण करण्याचे हे तत्त्व ॲनिमेशनचेच. फरक इतकाच, की येथे वस्तू हलवण्याचे काम निसर्गाने केले.

शेवटाचा अर्थ : ख्रिस्तचरित्रावरील त्या काळचे चित्रपट येशूच्या पुनरुत्थानापर्यंत जात. तेथील चमत्कार प्रेक्षक श्रद्धेने स्वीकारत. वाटाण्याचा वेल मात्र सर्वांच्या परसातला; त्याचा शेवट काय होणार, हे आधीच ठाऊक. तरीही तो होताना कोणी पाहिलेला नव्हता. म्हणून शेवटी कुंडीत उभा राहिलेला वेल हा फाळके यांच्या कसबाचा पुरावा ठरला. तो पाहून यशवंतराव नाडकर्णी, नारायणराव देवहरे आदींनी कर्ज देऊ केले. मग दादरच्या मथुरा भवनात फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट तयार झाला आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लोकांपुढे आला. त्याच्या अखेरीस शंकर प्रकटतात आणि हरिश्चंद्राचा मृत मुलगा रोहिताश्व जिवंत होतो. कथा पुराणातली, पण पडद्यावरचे प्रकट होणे कॅमेऱ्याच्या करामतीचे. कुंडीपुढे वेळ हवा तसा आवळून दाखवणाऱ्याने येथे देवालाही त्याच यंत्रातून आणले.

पुढील प्रभाव : ‘आगकाड्यांची मौज’ (१९१५) या लघुपटात फाळके यांनी आगकाड्या किंचित सरकवून दर वेळी एकेक चित्र घेतले. वाटाण्यात आपोआप झालेली हालचाल येथे हाताने घडवली. भारतीय ॲनिमेशनचा आरंभ अभ्यासक सामान्यतः याच लघुपटापासून धरतात. त्याचे तंत्र मात्र ‘अंकुराची वाढ’मध्येच सिद्ध झाले होते.