गॅसबत्ती आणि पाण्याचे कुलूप

७ ऑक्टोबर १८६५ या दिवशी संध्याकाळी मुंबईच्या काही प्रमुख रस्त्यांवर प्रथमच गॅसचे दिवे लागले. भेंडीबाजार, एस्प्लनेड रस्ता आणि चर्चगेट रस्ता यांना हा पहिला मान मिळाला. दिवे लावणारा माणूस एका खांबापासून दुसऱ्या खांबाकडे जाई आणि त्याच्या मागोमाग बघ्यांचा जमाव मूकपणे चालत राही, असे त्या प्रसंगाचे वर्णन आढळते. लोकांना नवल वाटले यात आश्चर्य नाही. या दिव्यात तेल नव्हते, वात नव्हती. खांबातून काहीतरी अदृश्य असे वर येत होते आणि काडी लावताच पेट घेत होते.

दिव्याखाली अंधार, अशी आपल्याकडे म्हण आहे. गॅसबत्तीच्या बाबतीत हा अंधार दिव्याखाली नव्हता, तर काही मैल दूर, परळ-लालबागच्या बाजूला गॅस कंपनीच्या कारखान्यात होता. तेथील माणसे ज्या पदार्थाशी रात्रंदिवस झुंजत होती, तो पदार्थ ज्वालाग्राही आणि विषारी असून डोळ्यांना न दिसणारा होता. त्या पदार्थाला माणसाने कसकसे आवरले, एक धोका टाळताना दुसरा कसा उभा राहिला, आणि त्यावर पुन्हा कोणता उपाय निघाला, याची कथा रस्त्यावरच्या उजेडाइतकीच जाणून घेण्यासारखी आहे.

गॅसचा दिवा मुंबईला अगदीच अपरिचित होता असे मात्र नाही. सार्वजनिक गॅसबत्ती येण्यापूर्वी एकतीस वर्षे, म्हणजे १८३४ साली, वाडिया या प्रसिद्ध जहाजबांधणी घराण्यातील अर्देसर कर्सेटजी यांनी माझगाव येथील आपल्या बंगल्यात आणि बागेत गॅसचे दिवे लावून दाखविले होते. गव्हर्नर लॉर्ड क्लेअर ते पाहावयास आले आणि त्यांनी अर्देसरांचा सन्मान केला. पुढे १८४१ साली अर्देसर लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झाले. हा बहुमान मिळविणारे ते पहिले भारतीय होत. परंतु एका बंगल्यापुरता वायू तयार करणे निराळे आणि शहराला पुरवणे निराळे. ते काम कलकत्त्यात ओरिएंटल गॅस कंपनीने केले आणि तेथील रस्ते १८५७ साली उजळले. मुंबईसाठी १८६२ साली बॉम्बे गॅस कंपनी स्थापन झाली व तीन वर्षांनी प्रत्यक्ष दिवे लागले.

हा वायू तयार कसा होतो? दगडी कोळसा उघड्यावर जाळला तर उष्णता आणि राख मिळते. तोच कोळसा हवा लागू न देता बंद नळकांड्यात घालून बाहेरून तापविला, तर तो जळत नाही. त्यातून वायू, डांबर आणि अमोनियायुक्त पाणी बाहेर पडते व मागे कोक उरतो. या नळकांड्याला रिटॉर्ट म्हणतात. विल्यम मर्डॉक या स्कॉटिश अभियंत्याने १७९२ च्या सुमारास कॉर्नवॉलमधील आपले घर अशा वायूने उजळले. एक टन कोळशापासून साधारणपणे दहा हजार घनफूट वायू मिळे. त्यात निम्म्याच्या आसपास हायड्रोजन, त्याखालोखाल मिथेन आणि थोडासा, पण घातक असा कार्बन मोनॉक्साइड असे.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेविली पाहिजे, कारण पुढील सर्व इतिहास तिच्याभोवती फिरतो. हा वायू एकटा असताना स्फोट पावत नाही. त्यात हवा मिसळावी लागते, आणि तीही ठराविक प्रमाणात. शंभर भाग मिश्रणात वायूचे प्रमाण सुमारे पाच ते तीस भाग असले, तरच ठिणगीने भडका उडतो. तेव्हा गॅसच्या कारखान्यातील सुरक्षिततेचा अर्थ एवढाच की, वायू आणि हवा यांची नको तेथे गाठ पडू द्यावयाची नाही. सांगावयास हे सूत्र सोपे आहे. पाळण्यास मात्र शंभर वर्षे पुरली नाहीत.

पहिली अडचण रिटॉर्टपाशीच येई. कोळशातील वायू निघून गेला की रिटॉर्टचे झाकण उघडून तप्त कोक ओढून काढावा लागे व नवा कोळसा भरावा लागे. एकाच मुख्य नळाला अनेक रिटॉर्ट जोडलेले असत. त्यांपैकी एकाचे तोंड उघडताच इतरांतील वायू उलटा फिरून त्या तोंडातून कामगाराच्या अंगावर येणार, हे उघड होते. यावर मर्डॉकचा सहकारी सॅम्युएल क्लेग याने जी युक्ती लोकप्रिय केली, तिला पाण्याचे कुलूप म्हणता येईल. भट्ट्यांच्या वर एक आडवी नळी बसवून ती पाण्याने अर्धवट भरावयाची आणि प्रत्येक रिटॉर्टच्या नळाचे टोक त्या पाण्यात थोडे बुडवून ठेवावयाचे. वायू बुडबुड्यांच्या रूपाने वर जाऊ शकतो. परंतु परत फिरावयाचे म्हटले तर पाणी वाट अडवते. या योजनेत झडप नाही, किल्ली नाही, झिजणारा किंवा अडकणारा भाग नाही. उलट दिशेने जाण्याचा प्रयत्न करणारा वायू स्वतःच्या दाबाने पाणी नळात चढवितो आणि आपलीच वाट बंद करतो. सुरक्षिततेची इतकी साधी योजना यंत्रविद्येच्या इतिहासात क्वचितच सापडेल.

हेच तत्त्व पुढे सर्वत्र वापरले गेले. वायू साठविण्याची टाकी म्हणजे पाण्याच्या हौदात उपडी ठेवलेली एक प्रचंड लोखंडी घंगाळ. वायू भरला की ती वर उचलली जाई, खर्च झाला की खाली बसे, आणि तिच्या काठाखालचे पाणी हवेला आत येऊ देत नसे. वायू शुद्ध करण्याच्या पेट्यांची झाकणेही पाण्याच्या पन्हळीत बसविलेली असत. दाब प्रमाणाबाहेर वाढला तर पन्हळीतील पाणी उडून जाई आणि वायू मोकळा होई. कुलूप तेच आणि संकटकाळची खिडकीही तीच.

परंतु प्रत्येक उपायाची काही किंमत असते. रिटॉर्टचा नळ पाण्यात बुडविला की त्या पाण्याला रेटून जाण्यासाठी आत दाब वाढतो. सुरुवातीचे रिटॉर्ट लोखंडी होते, तोवर हे चालून गेले. पुढे अधिक उष्णता सोसणारे मातीचे रिटॉर्ट आले. त्यांच्या बारीक चिरांतून हा दाबलेला वायू भट्टीत झिरपू लागला. म्हणून वायू ओढून घेणारे शोषक पंप बसविण्यात आले. ते मंद चालले तर गळती होई; फार जोराने चालले तर त्याच चिरांतून बाहेरची हवा आत ओढली जाई. म्हणजे जे टाळावयाचे तेच घडे. तेव्हा पंपाचा वेग दाबाप्रमाणे आपोआप कमीजास्त करणारा नियंत्रक आवश्यक झाला. शिवाय पाण्याचे कुलूपही स्वतःची काळजी घेऊ शकत नाही. पाणी आटते, डांबर साचून घट्ट होते. कोणीतरी रोज पाहिले पाहिजे, भरले पाहिजे, साफ केले पाहिजे. यंत्राने माणसाचा धोका कमी केला, तरी माणसाची जबाबदारी कमी केली नाही.

शुद्धीकरणाचेही तसेच. वायूतील गंधकयुक्त दुर्गंधी काढण्यासाठी प्रथम चुना वापरीत. वापरलेल्या चुन्याची घाण इतकी भयंकर असे की, आसपासच्या वस्तीस राहणे कठीण होई. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून चुन्याच्या जोडीला व पुढे त्याच्या जागी लोहाचा ऑक्साइड आला. हवेत पसरला की तो पुन्हा ताजा होई. परंतु ताजा होताना तापेही, आणि दुर्लक्ष झाल्यास पेट घेई. या पेट्या उघडताना थोडा वायू खोलीत येणारच. म्हणून तेथे उघडा दिवा नेण्यास बंदी असे, आणि उजेड हवा असल्यास तो भिंतीबाहेरून काचेच्या खिडकीतून पाडीत. शहरभर उजेड पाठविणाऱ्या कारखान्यातील या खोलीत एकही ज्योत चालत नसे.

आता शासनाच्या भागाकडे वळू. १८१३ साली लंडनच्या वेस्टमिन्स्टर भागातील गॅस कारखान्यात स्फोट होऊन खुद्द क्लेग जखमी झाला. सरकारने रॉयल सोसायटीला विचारले आणि सर जोसेफ बँक्स यांच्या नेतृत्वाखाली विद्वानांची समिती कारखाना पाहावयास गेली. तेथे क्लेगने कुदळीने टाकीला भोक पाडून बाहेर येणाऱ्या वायूला ज्योत लाविली आणि तो शांतपणे जळतो, स्फोट होत नाही, हे दाखविले, अशी आख्यायिका आहे. तरीही समितीचे समाधान झाले नाही. टाकी सहा हजार घनफुटांहून मोठी नसावी आणि ती भक्कम इमारतीत बंदिस्त असावी, असा सल्ला तिने दिला.

हेतू उत्तम होता. निष्कर्ष मात्र उलटा होता. उघड्यावरच्या टाकीतून गळालेला वायू हवेपेक्षा हलका असल्याने वर निघून जातो. तीच टाकी इमारतीत कोंडली तर गळती छताखाली साठते, हवेत मिसळते आणि ठिणगीची वाट पाहत राहते. ज्या भिंती संरक्षणासाठी उभारावयाच्या, त्यांनीच धोका निर्माण केला. हे अनुभवाने कळले आणि पुढे टाक्या मोकळ्या आकाशाखाली आल्या. कागदावर सावधगिरीचा वाटणारा नियम पदार्थाचा स्वभाव जाणून केलेला नसेल तर घातक ठरतो, हा धडा प्रशासनात काम करणाऱ्या प्रत्येकाने मनाशी बाळगावा असा आहे.

मुंबईत दिवे लागल्यानंतर अवघ्या चोवीस दिवसांनी, ३१ ऑक्टोबर १८६५ रोजी, लंडनच्या नाइन एल्म्स येथील गॅस कारखान्यात भीषण दुर्घटना झाली आणि अनेक कामगार मृत्युमुखी पडले. तेथील टाकी सुमारे दहा लाख घनफुटांची होती. तरी त्या अपघाताच्या चर्चेत पुन्हा तीच गोष्ट पुढे आली: बंद खोलीत साठलेल्या वायूचा स्फोट होतो, टाकीतील निर्भेळ वायू फुटून बाहेर आला तर भयंकर जळतो, पण तोफेसारखा उडत नाही. ५ जुलै १८८० रोजी लंडनच्याच टॉटनहॅम कोर्ट रोडजवळ नवा मोठा नळ टाकताना त्यात वायू आणि हवा यांचे मिश्रण झाले, ज्योत लागली आणि रस्तेच्या रस्ते उखडले गेले. नव्या नळातील हवा पूर्णपणे घालविल्याखेरीज त्याच्याजवळ ज्योत नेऊ नये, हा नियम अशा अनुभवांतून दृढ झाला.

नळ शहरभर पसरले तसा धोकाही कारखान्यातून निघून घराच्या दारी आला. नळांत वाफेचे पाणी साचे. ते सखल जागी बसविलेल्या भांड्यांत गोळा करून उपसावे लागे. मुंबईच्या गॅस कंपनीत या कामासाठी खास कामगार असत. हे पाणी वेळेवर उपसले नाही तर दाब पडे आणि घरातला दिवा आपोआप विझे. थोड्या वेळाने दाब परत येई. पण ज्योत नसल्यामुळे वायू तसाच खोलीत भरत राही. त्यातील कार्बन मोनॉक्साइड झोपलेल्या माणसाला जागेही करीत नाही. म्हणजे रस्त्यात वाकून पाणी उपसणारा तो अनामिक माणूस एखाद्या कुटुंबाच्या प्राणांचा राखणदार होता.

आणि या राखणदाराचे राखण कोण करीत होते? भारतातील पहिला कारखाने कायदा १८८१ साली झाला. म्हणजे मुंबईत गॅस पेटल्यानंतर सोळा वर्षे कारखान्यांसाठी सर्वसाधारण कायदाच नव्हता. जो झाला त्याचा भर मुलांच्या कामाचे तास आणि धोकादायक यंत्रांभोवती कुंपण यांवर होता. चाकात हात सापडू नये म्हणून कुंपण घालता येते. वायूला कुंपण घालता येत नाही. लंडनच्या अपघातांतून निघालेले शहाणपण आपल्याकडे यंत्रांबरोबर आले खरे, पण त्या शहाणपणाला कायद्याचे बळ मिळावयास फार उशीर लागला.

पुढे विजेने गॅसबत्तीला आव्हान दिले. १८८२ साली क्रॉफर्ड मार्केटात विजेचे दिवे लावण्याचा प्रयोग झाला. परंतु कंपनी वर्षभरात बुडाली आणि मार्केट पुन्हा गॅसकडे वळले. १९०५ मध्ये नव्या कंपनीने वीजपुरवठा सुरू केल्यावर मात्र पारडे हळूहळू फिरले. कोळशाच्या वायूचा काळ आज संपला आहे.

वायूचा काळ मात्र संपलेला नाही. १९९५ साली स्थापन झालेली महानगर गॅस कंपनी मुंबईत, आणि ग्रीन गॅस कंपनी आमच्या लखनौ शहरात, नळाने नैसर्गिक वायू पुरविते. इंदिरा नगरात राहणाऱ्या आम्हा मराठी कुटुंबांनाही गॅसचा नळ हा शब्द आता नवा वाटत नाही. या वायूत कार्बन मोनॉक्साइड नाही, हा मोठा लाभ. परंतु कोळशाच्या वायूला स्वतःची उग्र दुर्गंधी होती. तीच गळतीची वर्दी देई. नैसर्गिक वायूला वासच नाही. १९३७ साली अमेरिकेतील टेक्सास राज्यात न्यू लंडन या गावी शाळेखाली असा निर्गंध वायू साठून स्फोट झाला आणि सुमारे तीनशे जीव गेले. त्यांत बहुतेक मुले होती. तेव्हापासून वायूत मुद्दाम दुर्गंध मिसळण्याची पद्धत रूढ झाली. आपल्या पूर्वजांनी जो वास काढून टाकण्यासाठी चुना आणि लोह खर्ची घातले, तोच आज आपण विकत घेऊन मिसळतो.

तेव्हा स्वयंपाकघरात तसा वास आला तर त्याचा त्रास मानू नये. ज्योत पेटवू नये, विजेचे बटन दाबू नये, चूल व मुख्य झडप बंद करून खिडक्या उघडाव्या, घराबाहेर पडावे आणि मग कंपनीला कळवावे. वायू आणि हवा यांची बंद जागेत गाठ पडू देऊ नये, हा जो नियम भट्टीजवळच्या कामगारांनी जिवाची किंमत देऊन शिकला, तो आपल्याला एक खिडकी उघडून पाळता येतो.