परदेशात भाकरी का फाटते? दूध-तूप सोडलेल्या सोलापुरी स्वयंपाकाची गोष्ट

सोलापूरहून इंग्लंड, जर्मनी किंवा अमेरिकेत गेलेल्या माणसाची तिथली पहिली भाकरी बऱ्याचदा परातीतच फाटते. कडा उलतात, उचलायला गेलं की तुकडा हातात येतो. मग घरी व्हिडिओ कॉल जातो. पलीकडून आई पहिला प्रश्न विचारते, "पीठ कधीचं आहे?" उत्तर तिथेच असतं.

परदेशात गेल्यावर व्हीगन झालेल्यांना हा प्रश्न जास्त छळतो. व्हीगन म्हणजे मांस, मासे, अंडी तर नाहीतच, पण दूध, दही, तूप, लोणी, पनीर आणि मधही नाही. 1944 साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्याच्या मित्रांनी व्हीगन सोसायटी काढली, तेव्हा हा शब्द घडवला. आपल्याकडच्या 'शाकाहारी'त दूध बसतं, व्हीगनमध्ये बसत नाही. त्यामुळे तिथलं तयार भारतीय जेवण फारसं उपयोगी पडत नाही. नानमध्ये दही, डाळीत लोणी, रश्श्यात क्रीम. स्वतः रांधणं भाग पडतं.

गंमत अशी, की सोलापूरचं रोजचं ताट यासाठी जवळजवळ तयारच आहे. हे शहर मटणासाठीही प्रसिद्ध आहे, ते वेगळं. पण ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी, पिठलं, मटकीची उसळ, दाण्याचं कूट लावलेली आमटी, ठेचा, कडक भाकरी यांत दुधाचा थेंब नाही. शेंगापोळीत गूळ आणि दाणे, वरचं तूप तेवढं वगळायचं. काढायचं ते दही, ताक आणि चहातलं दूध. अडचण पदार्थांची नाही, पिठाची आणि चुलीची आहे.

पिठाची 'विरी' गेली म्हणजे काय?

ज्वारीत गव्हासारखं ग्लुटेन नसतं. गव्हाच्या कणकेला ताण ग्लुटेनमुळे येतो; ज्वारीचं पीठ एकत्र धरून ठेवायचं काम मुख्यतः त्यातलं स्टार्च करतं. ताज्या दळणात हा चिकटपणा भरपूर असतो. पीठ जुनं होत गेलं की तो कमी होतो, पिठाला कडवट वासही येऊ लागतो. यालाच घरोघरी 'पिठाची विरी गेली' म्हणतात. सोलापुरात आठवड्याचं दळण गिरणीतून येतं. परदेशातल्या दुकानात पोचलेलं पीठ दळून कित्येक महिने झालेले असू शकतात. हात विसरलेला नसतो, पीठ शिळं असतं.

यावरचा उपाय जुनाच आहे, उकड. एक वाटी पिठाला साधारण पाऊण ते एक वाटी पाणी लागतं. पाण्यात मीठ घालून ते खळखळ उकळायचं, गॅस बंद करून पीठ टाकायचं, ढवळून दहा मिनिटं झाकायचं. उकळत्या पाण्यात स्टार्च फुगतं आणि चिकट होतं. मग गरम असतानाच तळहाताने रगडून मळायचं. इथे आळस केला तर भाकरी फाटणारच. एका वेळी एकाच भाकरीचा गोळा पुन्हा मळून घ्यावा, बाकीचं झाकून ठेवावं.

पीठ शोधताना पाकिटावर गुजराती वळणाचं 'जुवार' किंवा 'सोरघम' लिहिलेलं दिसेल. दळल्याची किंवा पॅकिंगची तारीख बघून लहान पाकीट घ्यावं आणि फ्रीझरमध्ये ठेवावं. आख्खी ज्वारी मिळाली तर उत्तम, थोडी-थोडी घरी दळता येते. अमेरिका तर जगातल्या मोठ्या ज्वारी उत्पादकांपैकी एक आहे, पण तिथली बरीचशी ज्वारी जनावरांच्या खाद्यात आणि इथेनॉलमध्ये जाते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला जीआय मानांकन आहे आणि मालदांडीचं प्रसिद्ध एम 35-1 वाण सोलापूर जिल्ह्यातल्याच मोहोळचं. त्या शाळूची चव परक्या पिठात शोधू नये, एवढंच.

दुसरी अडचण जाळाची. इंडक्शनवर फक्त भांडं तापतं, त्यामुळे जाळी ठेवून भाकरी भाजता येत नाही. सपाट बुडाचा लोखंडी तवा मात्र चालतो. वरच्या बाजूला पाणी फिरवून ते सुकलं की उलटायची, दुसरी बाजू नीट भाजायची, पुन्हा उलटून कापडाने कडा हलक्या दाबायच्या. भाकरी तव्यावरच फुगते.

चटणी, आणि एक इशारा

सोलापुरी चटणीचा तेलकटपणा वरून ओतलेल्या तेलाचा नसतो. भाजलेले दाणे, लसूण, तिखट, जिरं, मीठ उखळात कुटताना दाण्यांचंच तेल सुटतं. मिक्सर सलग फिरवला तर तसा पोत येत नाही. थांबून-थांबून फिरवावा, शेवटी खलबत्त्यात कुटावं. दाणे ओव्हनमध्ये 160 अंशांवर पंधरा-वीस मिनिटं भाजले तर धुराचा अलार्मही वाजत नाही.

इशारा असा: शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी जीवघेणी ठरू शकते आणि परदेशात अनेक शाळांमध्ये दाणे आणायला बंदी असते. घर इतरांसोबत वाटून घेतलं असेल तर आधी विचारावं, डब्यावर नाव लिहावं, खलबत्ता वेगळा ठेवावा. मुलांच्या डब्यात शाळेला न विचारता ही चटणी देऊ नये.

दह्याचं काय?

बिनसाखरेच्या सोया दुधाचं दही लागतं, कारण त्यात प्रथिनं पुरेशी असतात. ओटच्या दुधात ती कमी, म्हणून ते तसं घट्ट होत नाही. विरजणाला दुकानातलं साधं व्हीगन दही चालतं. थंडीत भांडं बंद ओव्हनमध्ये, फक्त आतला दिवा लावून ठेवतात.

तयार वस्तू घेताना घटकांची यादी वाचावी. ब्रिटन आणि युरोपीय संघात दूध हा अ‍ॅलर्जीचा घटक असल्याने यादीत ठळक छापतात, त्यामुळे पटकन सापडतं.

भाकरी-चटणीतून एक गोष्ट मात्र मिळत नाही, ती म्हणजे बी-12 जीवनसत्त्व. वनस्पतींमध्ये ते भरवशाचं नसतं. कमतरतेमुळे थकवा, हातापायांना मुंग्या येतात आणि दुर्लक्ष झालं तर नसांना कायमची इजा होऊ शकते. व्हीगन माणसाने बी-12 घातलेले पदार्थ नियमित खावेत किंवा डॉक्टरांना विचारून गोळी घ्यावी. ड जीवनसत्त्वाचंही तसंच. ब्रिटनची आरोग्य सेवा हिवाळ्यात सगळ्यांनाच रोज 10 मायक्रोग्रॅम घेण्याचा विचार करायला सांगते. यातही एक मेख आहे. डी-3च्या बऱ्याच गोळ्या मेंढीच्या लोकरीतल्या चरबीपासून बनतात. व्हीगन लोक डी-2 किंवा दगडफुलाच्या जातीतल्या लायकेनपासून काढलेलं डी-3 घेतात.