२३. ‘प्रातःकाळ’ सिंफनी
ऑस्ट्रियन रचनाकार योझेफ हायडन (१७३२–१८०९) यांची ही डी मेजरमधील ६ क्रमांकाची सिंफनी होय. मे १७६१ मध्ये एस्टरहाझी सरदारांच्या पदरी उपसंगीतप्रमुख म्हणून रुजू झाल्यावर त्याच वर्षी त्यांनी ‘प्रातःकाळ’, ‘मध्यान्ह’ आणि ‘सायंकाळ’ या तीन सिंफनी रचल्या, त्यांतील ही पहिली. सिंफनी हा प्रकार मुख्यतः इटालियन ऑपेराच्या आरंभी वाजणाऱ्या, द्रुत-विलंबित-द्रुत अशा तीन भागांच्या वाद्यरचनेतून स्वतंत्र झाला. येथे मात्र भाग चार असून तिसरा मिन्युएट या दरबारी नृत्याच्या चालीवर आहे. आरंभी अवघ्या सहा बारांच्या (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा खंड) संथ प्रास्ताविकात व्हायोलिनच्या हलक्या स्वरावर एकेक वाद्य चढत जाऊन सारा वृंद दुमदुमतो, तो सूर्योदय. त्यानंतर लगेच बासरी मुख्य धून उचलते. पुढे ती धून परतण्याच्या बेतात असताना हॉर्न ती किंचित आधीच वाजवून टाकतो, ही वादकाची चूक नसून रचनाकाराची थट्टा आहे. वृंदातील निवडक वादकांना एकल वादनाची संधी देण्याची रीत बरोक काळातील ‘कॉन्चेर्तो ग्रोसो’ची, हायडन यांनी ती इतकी सढळ वापरली, की मिन्युएटच्या मधल्या भागात एरवी केवळ आधारस्वर धरणाऱ्या डबल बासलाही पुढे आणले.