जाहिरातीतली माणसं

दहावीच्या मराठीच्या पेपरात जाहिरातलेखन असतं. ते शिकवताना मी मुलांना नेहमी सांगतो, 'जाहिरात' हा शब्द आपल्या 'ज़ाहिर'चाच भाऊबंद आहे. जे झाकलेलं नाही, उघड आहे, ते ज़ाहिर. यंदा नमुने शोधताना अमेरिकेतल्या ग्रेट नॉर्दर्न रेल्वेच्या जुन्या सहलपुस्तिका इंटरनेटवर सापडल्या आणि हा अर्थ मुलांना सांगताना माझी जीभ जरा अडखळू लागली.

पुस्तिका देखण्या आहेत. मोंटाना राज्यातले बर्फाचे डोंगर, निळी तळी आणि पुढे पिसांचा मुकुट घातलेला ब्लॅकफीट जमातीचा माणूस. हे ग्लेशियर राष्ट्रीय उद्यान ११ मे १९१० रोजी स्थापन झालं. रेल्वेचा रूळ त्याच्या दक्षिण सीमेला लागून जात होता. कंपनीचे प्रमुख लुई हिल यांनी हिशेब ओळखला. पैसेवाले अमेरिकन सुट्टीला युरोपात जायचे, आल्प्स पाहायचे. त्यांना 'आधी अमेरिका पाहा' असं सांगून आपल्या गाडीत बसवायचं. त्यासाठी कंपनीने हॉटेलं बांधली, चित्रकार नेमले, पुस्तिका छापल्या. १९१३ साली स्टेशनासमोर भलंमोठं लॉज उभं राहिलं. त्याच्या दिवाणखान्यातले खांब म्हणजे सालीसकट उभे केलेले, सुमारे ४० फूट उंचीचे वृक्ष. ही जागा उद्यानाच्या हद्दीबाहेर, ब्लॅकफीटांच्या राखीव प्रदेशातून घेतलेली होती.

गाडीतून उतरणाऱ्या प्रवाशांच्या स्वागताला ब्लॅकफीट उभे असत, पारंपरिक पोशाखात. हॉटेलच्या हिरवळीवर त्यांचे शंकूसारखे तंबू. कंपनीने त्यांना न्यूयॉर्कलाही नेलं आणि एका मोठ्या हॉटेलच्या गच्चीवर तंबू ठोकायला लावले. प्रचारात त्यांचं नाव झालं 'ग्लेशियर पार्क इंडियन'. जमात जुनी, उद्यान कालचं. तरी नाव उद्यानाचं लागलं.

ईद आली की फोटोग्राफरला गळाभेट घेणारी दोन लहान मुलं लागतातच, टोपीसकट. फोटो छान येतो. त्या मोहल्ल्यात नळाला पाणी किती दिवसांनी येतं, हे त्यात दिसत नाही. म्हणून असेल, मी त्या पुस्तिकांमध्ये न दिसणारं शोधायला लागलो.

गवे संपले आणि १८८३-८४ च्या हिवाळ्यात ब्लॅकफीटांची शेकडो माणसं उपाशी मेली. पुढे त्यांच्या डोंगरांत सोनं, तांबं असल्याची आवई उठली आणि १८९५ मध्ये सरकारने डोंगराची पश्चिमेकडची पट्टी १५ लाख डॉलरला मागून घेतली. वाटाघाटी करणाऱ्या तिघांपैकी एक होते जॉर्ज बर्ड ग्रिनेल, जे नंतर याच डोंगरांच्या उद्यानासाठी झटले. करारात ब्लॅकफीटांनी एक कलम ठेवून घेतलं होतं: ही जमीन सार्वजनिक राहील तोवर आम्ही इथे शिकार करू, मासे धरू, लाकूड तोडू. खाणींतून फारसं काही निघालं नाही. १९१० मध्ये पट्टीचा बराचसा भाग उद्यानात गेला आणि अधिकारी म्हणाले, उद्यानात शिकार चालणार नाही.

म्हणजे ज्या वर्षांत पुस्तिका त्यांना डोंगरांचे राजे म्हणून मिरवत होत्या, त्याच वर्षांत त्या डोंगरात हरीण मारलं तर ते गुन्हेगार ठरत होते. जंगल वाचवायला नको होतं, असं मी म्हणत नाही. पण शब्द दिला होता.

एक गोष्ट मात्र नोंदवायला हवी. ब्लॅकफीट नुसते शोभेला उभे नव्हते. त्यांना मजुरी हवी होती, ती मिळत होती. सरकारी अधिकारी आणि शाळा त्यांचे नाच, त्यांची भाषा बंद पाडायला निघाले होते तेव्हा हॉटेलच्या हिरवळीवर तेच नाच चालत होते. पाहुण्यांना तमाशा वाटला असेल. नाचणाऱ्यांना तो काय वाटला, हे पुस्तिकेने कधी विचारलं नाही.

१९२८ पासून रेल्वे दरवर्षी विनोल्ड राइस या चित्रकाराने काढलेली ब्लॅकफीटांची व्यक्तिचित्रं कॅलेंडरवर छापू लागली. ती घराघरांत, दुकानांत लागली. १९३५ मध्ये दाव्यांच्या न्यायालयाने निकाल दिला की, उद्यान झालं तेव्हाच करारातले ते हक्क संपले. कॅलेंडरं त्यानंतरही निघत राहिली.