बालहस्ताची परीक्षा

म्हशाची जत्रा उलगडून पंधरवडा लोटला होता. नाणेघाटातील सातवाहनांच्या लेखांमुळे मुरबाडच्या बाजूस आमचे वरचेवर जाणे होते. त्या दिवशी परतताना एका ठाकरवाडीच्या अंगणवाडीपाशी थांबलो, कारण परिचयाचे एक डॉक्टर तेथे मुलांच्या तपासणीस आले होते. चार वर्षांचा एक मुलगा पुढे आणण्यात आला. त्याला खडू दिला, तो हातातून निसटला. सदऱ्याची गुंडी त्याला लावता येईना. आजी म्हणाली, "आळशी हाय, दुसरं काय!" अंगणवाडीच्या ताई हळूच म्हणाल्या, "घरी खडू कधी बघितलाच नाही त्यानं."

ह्या दोन उद्गारांत एका शास्त्राचा सारा वाद सामावलेला आहे. मुलाचा हात मागे राहिला आहे, की त्या हाताला ती वस्तूच अपरिचित आहे? पहिले खरे असून दुसरे मानले, तर उपचाराची वर्षे वाया जातात. दुसरे खरे असून पहिले मानले, तर धडधाकट मुलावर मंदपणाचा शिक्का बसतो. दोन्ही चुकांचे मोल मूलच भरते.

ह्या परीक्षेचा उगम पाहू गेल्यास तो दंडाच्या नव्हे, साहाय्याच्या बुद्धीत सापडतो. शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना निराळे शिक्षण कसे द्यावे, ह्याचा विचार करण्यासाठी फ्रेंच सरकारने १९०४ साली एक समिती नेमली. त्या निमित्ताने आल्फ्रेड बिने आणि त्याचा सहकारी सिमॉन ह्यांनी १९०५ साली आपली कसोटी सिद्ध केली. पुढील आवृत्तीत तिच्यात हाताचेही काम आले. समोरचा चौकोन पाहून तसाच काढावयाचा, हे त्यांपैकी एक. बिनेच्या मते ही कसोटी मुलाची आजची अवस्था सांगणारी होती, त्याचे भविष्य सांगणारी नव्हे. अमेरिकेत गेल्यावर मात्र तिचा अंक झाला, आणि अंक एकदा कपाळी बसला की तो पुसणे किती अवघड, हे आम्हां परीक्षकांस वेगळे सांगावयास नको.

आपल्याकडे ही कसोटी केवळ भाषांतर करून चालण्यासारखी नव्हती. मुंबई इलाख्यात डॉ. व्ही. व्ही. कामत ह्यांनी मराठी व कानडी मुलांसाठी तिचे संस्करण केले. त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९४० साली प्रसिद्ध झाला. पॅरिसच्या मुलास जो प्रश्न सोपा तो धारवाडच्या मुलास सोपा असेलच असे नाही, हे गृहीत धरून आपल्या मुलांवर प्रश्नांची पारख करण्याचे ते कष्टाचे काम होते. मराठी वाचकांस त्यांचे नाव आज अपरिचित असावे, ही खेदाची गोष्ट आहे.

परंतु बोलू लागण्यापूर्वीच मुलाचा हात बोलू लागतो. येल विद्यापीठात गेसेलच्या प्रयोगशाळेत हॅल्व्हर्सन नावाच्या संशोधकाने तान्ह्या मुलांपुढे एक लहानसा लाकडी ठोकळा ठेवून त्यांच्या हातांचे चलच्चित्र घेतले व १९३१ साली त्याचा वृत्तांत छापला. मूल प्रथम तळव्याने वस्तू कवळते, मग बोटे कामाला लागतात, आणि वर्षाच्या आत अंगठा व तर्जनी ह्यांची चिमूट जमते. ठोकळ्यावर ठोकळा, पुढे वर्तुळ, मग फुली, मग चौकोन, असा तो क्रम चालतो. चिमूट ही आपल्या स्वयंपाकघरातील क्षुद्र गोष्ट; पण मेंदू, नजर आणि स्नायू ह्यांचा मेळ बसल्याखेरीज ती साधत नाही. म्हणूनच तिला झालेला उशीर डॉक्टरांस पुष्कळ काही सांगून जातो.

भारतीय बालकांच्या बाबतीत हे काम डॉ. प्रमिला फाटक ह्यांनी बडोद्यास केले. प्रत्यक्ष येथील मुले तपासून त्यांच्या वाढीची प्रमाणे १९७० साली त्यांनी प्रसिद्ध केली. १९९७ च्या सुधारित श्रेणीत हालचालींच्या ६७ व बुद्धीच्या १६३ कसोट्या आहेत. ही श्रेणी अडीच वर्षांपर्यंतची. आमच्या ठाकरवाडीचा मुलगा तिच्या पलीकडे गेलेला. वाडीपाड्यांवरची मुले वैद्याच्या दृष्टीस पडतात तीच बहुधा अशी उशिरा.

दोष आढळला तर पुढे काय? ह्या प्रश्नाचे उत्तर परळच्या के. ई. एम. रुग्णालयात १९५० साली सुरू झाले. जन्माने अमेरिकन, विवाहाने निंबकर, अशा कमलाबाईंनी तेथे व्यवसायोपचाराची शाळा काढली. आशिया खंडातील ती पहिली. 'व्यवसायोपचार' हा शब्द लहान मुलाच्या बाबतीत कानाला खटकतो खरा. परंतु मुलाचा व्यवसाय म्हणजे खेळणे, जेवणे आणि अंगात सदरा चढवणे, असे समजून घेतले की शब्द बरोबर बसतो.

आणि साधन कोणते असावे? त्याचे उत्तर आमच्याच जिल्ह्याने पूर्वी देऊन ठेवले होते. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीस आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर, अनुताई वाघ ह्यांच्या सोबतीने, माँटेसोरीची महागडी साधने बाजूस ठेवून बिया, खडे, शिंपले, पाने ह्यांवर आदिवासी मुलांचे शिक्षण उभारले. जी वस्तू मुलाच्या अंगणात आहे तिनेच त्याच्या हाताला शिकवावे, हा त्यातील विचार. परीक्षेलाही तोच लागू पडतो.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरास झाला, तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यातच होते. पुढल्याच वर्षी १ ऑगस्टला जिल्हा दुभंगला. पालघर, डहाणू तिकडे गेले आणि शहापूर, मुरबाड ठाण्याकडे राहिले. ह्या योजनेतील फिरते पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येते. दोष दिसला की चिठ्ठी मिळते, ती जिल्ह्याच्या केंद्राची. मुरबाडहून कल्याण एस. टी. ने, तेथून ठाणे लोकलने. आईची एका दिवसाची मजुरी बुडालीच. शहापुरातील तानसेचे पाणी १८९२ पासून मुंबईस सुरळीत पोहोचते आहे. मुंबईत १९५० साली रुजलेली विद्या उलट वाटेने शहापुरापर्यंत यावयास किती वर्षे लागली, हा हिशेब आम्हांस सुखावह वाटत नाही.

त्या दिवशी डॉक्टरांनी खडू बाजूला ठेवला. ताईंकडून मूठभर चवळी मागवून जमिनीवर पसरली आणि एक एक दाणा डब्यात टाकावयास सांगितले. खडू अनोळखी असेल, चवळी नव्हती. मुलगा आनंदाने पुढे सरसावला, पण प्रत्येक दाण्याला सबंध तळवा वापरू लागला. चिमूट काही जमेना. आजीचा आळसाचा आरोप तेथेच मिटला, आणि ताईंची समजूतही.

आम्ही पुन्हा गेलो तेव्हा भात झोडून झाले होते. मायलेकांच्या ठाण्यास तीन खेपा झाल्या होत्या. तिथल्या बाईंनी घरी करावयाचे काम नेमून दिले होते, आणि आजीने ते आपल्याकडे घेतले होते. पुढ्यात तांदळाचे सूप, मांडीशी नातू. म्हातारी खडा दाखवी, तो वेची. मध्येच दोन बोटे सुटून मूठ वळे, की ती न बोलता त्याचा अंगठा पुन्हा तर्जनीशी आणून ठेवी.