शाओलिनपासून स्टेटन बेटापर्यंत

इ. स. १९९९ मध्यें अमेरिकेंत 'वू-टँग : शाओलिन स्टाइल' या नांवाचा एक व्हिडिओ गेम विक्रीस आला. प्लेस्टेशन यंत्रावर चौघांना एकाच वेळीं खेळतां येणारा हा कुंग-फूच्या मारामारीचा खेळ; आणि त्यांतील योद्धे कोण, तर न्यूयॉर्कचे नऊ रॅप-गायक! रॅप म्हणजे ठेक्यावर यमकबद्ध पद्य भराभर म्हणण्याची, कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या वस्त्यांतून वर आलेली रीति. गवयांनीं चिनी मठाचें नांव घेऊन एकमेकांस लाथाबुक्क्यांनीं तुडवावें, हें प्रथमदर्शनीं हास्यास्पद वाटेल. परंतु या नांवाचा इतिहास पाहूं गेल्यास हंसूं आवरतें घ्यावें लागतें.

हेनान प्रांतांतील शाओलिन मठ इ. स. ४९५ मध्यें उत्तर वेई घराण्याच्या बादशहानें, भारतांतून आलेल्या एका भिक्षूसाठीं बांधविला. ६२१ सालीं तेथील भिक्षूंनीं युद्धांत तांग राजपुत्र ली शिमिन याचा पक्ष घेतला. ती हकीकत ७२८ च्या शिलालेखांत मठांतच कोरलेली आहे. येथवर पाया पक्का. पण लोकांच्या तोंडीं आहे ती कथा निराळीच : दक्षिण भारतांतून गेलेल्या बोधिधर्मानें भिक्षूंस युद्धकला शिकविली. आपल्याकडे ही कथा अभिमानानें सांगितली जाते, आणि अभिमानास पुरावा सहसा लागत नाहीं. तिला आधार 'यीजिन जिंग' या ग्रंथाचा. तो सतराव्या शतकांतला असून त्यावर बोधिधर्माचें नांव मागाहून चिकटविलेलें आहे, हें तांग हाओ या चिनी संशोधकानें विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत दाखवून दिलें. वुदांग पर्वताची गोष्टहि अशीच. हुआंग झोंगशी यानें १६६९ मध्यें एका मृत मल्लाच्या स्मारकलेखांत वुदांगचा ताओपंथी साधु झांग सानफेंग यास शाओलिनहून वेगळ्या युद्धविद्येचा मूळपुरुष ठरविलें. आणि पुढें या दोन घराण्यांचें वैर कादंबऱ्यांस चांगलेंच मानवलें.

कादंबऱ्यांनंतर हाँगकाँगचा चित्रपट आला. शॉ ब्रदर्स कंपनीच्या १९७८ च्या 'थर्टीसिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन' या चित्रपटांत मांचूंच्या जुलमानें पोळलेला एक तरुण मठांत शिरतो, शिक्षणाचीं पस्तीस दालनें पार करतो, आणि मग छत्तिसावें दालन मागतो : मठाबाहेरील सामान्य जनांस ही विद्या शिकविण्याचें. न्यूयॉर्कच्या बेचाळिसाव्या रस्त्यावरील स्वस्त थिएटरांत असे चित्रपट एकामागून एक चालत. पाठीशीं कोणी नाहीं, स्वतःच्या देहाच्या तयारीवर जुलमी माणसास नमविणारा हा नायक गरीब वस्तींतील मुलांस परका वाटला नाहीं. त्या प्रेक्षकांपैकींच एक मुलगा पुढें 'रिझा' या नांवानें प्रसिद्धीस आला.

न्यूयॉर्कच्या पांच विभागांपैकीं स्टेटन बेट हें सर्वांत दुर्लक्षित. रिझा व त्याच्या सोबत्यांनीं त्यासच 'शाओलिन' म्हणावयास सुरुवात केली. १९८३ च्या 'शाओलिन अँड वू टँग' या चित्रपटावरून मंडळाचें नांव 'वू-टँग क्लॅन' ठेविलें, आणि १९९३ च्या पहिल्या अल्बमच्या नांवांत तीं छत्तीस दालनें घातलीं. वुदांगची तरवार म्हणजे आपली जीभ, अशी त्यांची धारणा. एका ध्वनिमुद्रण कंपनीशीं मंडळाचा करार करतांना प्रत्येकानें एकट्यानें अन्य कंपन्यांशीं करार करण्याची मोकळीक राखून ठेविली. अशी सवलत त्या धंद्यांत दुर्मिळ होती. मठांतून बाहेर पडून आपआपला आखाडा काढावा, तसें तें झालें. या उसनवारींत कष्ट होते, म्हणून ती उसनवारी राहिली नाहीं असें आम्हांस वाटतें.

आतां खेळाकडे वळूं. कॅलिफोर्नियांतील पॅराडॉक्स या मंडळीनें 'थ्रिल किल' नांवाचा चौघांच्या मारामारीचा एक किळसवाणा खेळ जवळजवळ पुरा केला होता. १९९८ मध्यें तो ज्या कंपनीच्या हातीं आला, त्या इलेक्ट्रॉनिक आर्ट्सनें त्यांतील हिंसेमुळें तो रद्द केला. त्याच सांगाड्यावर ॲक्टिव्हिजन या प्रकाशकासाठीं नवी कातडी चढविण्यांत आली : विकृत पात्रें गेलीं, नऊ गायक आले, गुरूला शत्रूनें पळविल्याची कथा आली, मंडळाचें संगीत आलें. रक्तपात बराचसा राहिला.

ही लबाडी म्हणावी काय? मग 'यीजिन जिंग'च्या कर्त्यानें तरी दुसरें काय केलें होतें? स्वतःच्या मालावर थोराचें नांव लावणें हें दोघांचेंहि कृत्य. पण त्या ग्रंथांतील व्यायाम पिढ्यान्‌पिढ्या खऱ्या माणसांनीं पहाटे उठून केले आणि खोट्या नांवामागें हळूहळू खरी परंपरा उभी राहिली. रिझाच्या मंडळानेंहि तेंच ऐन तारुण्यांत, भाड्याच्या पैशाची पंचाईत असतां केलें. खेळाच्या कारागिरांस तेवढी सवड मिळाली नाहीं. रद्द झालेल्या कामाचे पैसे वसूल करण्याची घाई होती. सांगाडा मात्र उत्तम होता, हें त्यांच्या पदरांत टाकलें पाहिजे. एका पडद्यावर चौघांची झुंज सुरळीत चालविणें त्या काळीं सोपें नव्हतें.

१९२८ मध्यें एका सेनापतीनें शाओलिन मठास आग लावली. त्यांत ग्रंथालय जळालें. पुढें चित्रपटांमुळें यात्रेकरूंची रीघ लागून मठ पुन्हां गजबजला. नऊ गायकांपैकीं ओल डर्टी बास्टर्ड २००४ मध्यें वारला. आणि जो 'थ्रिल किल' कधींच दुकानांत आला नाहीं, त्याच्या चोरट्या प्रती, शाओलिनच्या नांवावांचून, शौकिनांत हातोहात फिरत राहिल्या.